सुनेस्थिओऽ : ‘सोबत जेवण्या’चं ग्रीक क्रियापद रूपांसकट कसं शिकावं

प्राचीन ग्रीक शिकायला घेतलेल्या मराठी माणसाला पहिली धडकी भरते ती क्रियापदांच्या तक्त्यांची. एकेका धातूची शेकडो रूपं, त्यात अनियमित धातू वेगळेच. माझं मत असं की तक्ते पाठ करत बसण्याऐवजी एकच अडेलतट्टू क्रियापद निवडावं आणि त्याचा पिच्छा शेवटपर्यंत पुरवावा. त्यासाठी ‘सुनेस्थिओऽ’ हे क्रियापद फार सोयीचं आहे. अर्थ सोपा आहे: कुणाच्या तरी सोबत खाणं, जेवणं. रूपं मात्र तीन वेगवेगळ्या मुळांवरून येतात. बायबलच्या नव्या करारात ते फक्त पाच ठिकाणी येतं आणि पाचही ठिकाणी रूप वेगळं आहे. म्हणजे सरावाची पाच वाक्यं आयतीच मिळतात.

शिवाय शाळेत ज्यांनी संस्कृतची धातुरूपावली घोकली आहे, त्यांना यातलं निम्म्याहून अधिक आधीच येत असतं. फक्त ते आपल्याला येतं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आधी लिहिण्याची पद्धत ठरवू

ग्रीकमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ही दोन वेगळी अक्षरं आहेत, तसंच ओचंही. देवनागरीत हा फरक दिसत नाही, आणि या क्रियापदात तर त्या फरकावरच काळ ठरतो. म्हणून इथे दीर्घ स्वरापुढे अवग्रह देतो: ‘ए’ ऱ्हस्व, ‘एऽ’ दीर्घ, ‘ओ’ ऱ्हस्व, ‘ओऽ’ दीर्घ. ‘सुन्’मधला उ अभिजात काळात ओठांचा चंबू करून म्हटलेल्या ‘इ’सारखा उच्चारत, लिहिताना मी ‘सु’च लिहितो.

थ, फ, ख यांचे उच्चार मात्र अथेन्सच्या अभिजात काळात खरोखरच आपल्यासारखे महाप्राण होते. ‘फगेइन्’मधला फ ‘फळ’मधला धरा, ‘फॅन’मधला नको. युरोपातल्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं.

पहिली पायरी : शब्द फोडा

सुन् + एस्थिओऽ. ‘सुन्’ म्हणजे सह, सोबत. ‘एस्थिओऽ’ म्हणजे मी खातो. शेवटचा ‘-ओऽ’ हा प्रथमपुरुषी एकवचनाचा प्रत्यय, कारण ग्रीक कोशात धातू ‘मी’च्या रूपात देतात. आपल्याकडे ‘खाणे’ शोधतो, तिथे ‘मी खातो’ शोधायचं. ग्रीक इतिहासकार थुकिदिदेसच्या ग्रंथात हा उपसर्ग ‘क्सुन्’ असा जुन्या अथेनी वळणाने दिसेल. अर्थ तोच.

‘एस्थिओऽ’चं मूळ ‘एद्’. आणि हा ‘एद्’ म्हणजे आपला संस्कृत ‘अद्’, ‘अद भक्षणे’ म्हणून धातूंच्या दुसऱ्या गणाच्या अगदी सुरुवातीला बसलेला. ज्या गणाला त्याच्यावरूनच अदादी म्हणतात, तो. संस्कृतचं आज्ञार्थी ‘अद्धि’ (खा!) आणि ग्रीकचं जुनं ‘एस्थि’ यांची सांगड भाषाशास्त्रज्ञ घालतात, आणि त्या आज्ञार्थावरूनच पुढे ‘एस्थिओऽ’ हे अख्खं क्रियापद घडलं असं मानतात. आईने ताटावर बसलेल्या पोराला म्हणायचा शब्द क्रियापदाचा पाया झाला, ही कल्पना मला आवडते, पण तेवढ्यावरून काही सिद्ध करायचं नाही.

दुसरी पायरी : तीन मुळं वेगळी ओळखा

एस्थि- (मुळात ‘एद्’वरूनच, पण रूपांत वेगळं धरायचं): वर्तमान आणि अपूर्ण भूतकाळ.
एद्-: भविष्यकाळ, आणि पूर्णवाचक रूप ज्याला व्याकरणात पर्फेक्ट म्हणतात ते.
फग्-: एओरिस्ट, म्हणजे एकदा घडून गेलेल्या क्रियेचा भूतकाळ.

‘एस्थिओऽ’ची ‘फग्’वरून रूपं कशी होतात असं वाटलं, तर मराठीत ‘जातो’चं ‘गेला’ कसं होतं हे आठवा. संस्कृतात तर जेवणाच्याच धातूचं हेच झालंय. ‘अद्’चं लुङ् लकारातलं, म्हणजे एओरिस्टशी जुळणाऱ्या भूतकाळातलं, रूप ‘अघसत्’. तिथे अद् जाऊन घस् येतो, आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केलंय: ‘लुङ्सनोर्घसॢ’. लिट् लकारात (संस्कृतचा पर्फेक्ट) तर ‘आद’ आणि ‘जघास’ दोन्ही चालतात. दोन बहिणभाषांत खाण्याच्याच क्रियापदाने ऐन लुङ्-एओरिस्टच्या जागी मूळ बदलावं, आणि तेही दोघींनी वेगवेगळं मूळ घ्यावं, ही गंमत लक्षात राहिली तर तीन मुळांचा तक्ता वेगळा पाठ करावा लागत नाही.

‘फग्’कडे जरा जास्त वेळ थांबायला हरकत नाही. आद्य भारोपीय, म्हणजे संस्कृत आणि ग्रीक यांच्या समान पूर्वज भाषेतल्या, ‘भ’चा ग्रीकमध्ये ‘फ’ होतो. त्यामुळे ‘फग्’चा संस्कृत भाऊ ‘भज्’: वाटून देणं, वाट्याला येणं. भाग, भक्त, विभक्त ही सगळी त्याचीच पिलावळ. ‘फगेइन्’चा मूळ अर्थ आपला वाटा मिळणं असा असावा आणि तिथून तो ‘खाणं’वर आला, असं सर्वसाधारण मत आहे. मात्र होमरच्या काळापर्यंत ग्रीकमध्ये ‘फगेइन्’ म्हणजे सरळ ‘खाणं’ झालं होतं. वाचताना प्रत्येक ठिकाणी ‘वाटा’ घुसवायचा मोह टाळावा. व्युत्पत्ती रूप लक्षात ठेवायला असते; वाक्याचा अर्थ वाक्यातूनच काढायचा.

तिसरी पायरी : वर्तमान आणि अपूर्ण भूत

वर्तमानकाळ सरळ आहे:

सुनेस्थिओऽ (मी), सुनेस्थिएइस् (तू), सुनेस्थिएइ (तो/ती), सुनेस्थिओमेन् (आम्ही), सुनेस्थिएते (तुम्ही), सुनेस्थिऊसि (ते). ‘सोबत जेवणे’ हे भाववाचक रूप: सुनेस्थिएइन्. द्विवचनही अभिजात ग्रीकमध्ये आहे, संस्कृतासारखंच. नव्या कराराच्या काळापर्यंत ते गळून पडलं होतं, म्हणून इथे सोडून देतो.

अपूर्ण भूतकाळ म्हणजे आपला लङ्. संस्कृतात ‘गच्छति’चं ‘अगच्छत्’ होताना आधी ‘अ’ लागतो. ग्रीकमध्ये त्या जागी ‘ए’ लागतो, आणि दोन्ही आगम मुळात एकच. पण धातूच स्वराने सुरू होत असेल, तर आगम त्या स्वरात मिसळून तो दीर्घ होतो. ए + एस्थि- = एऽस्थि-. म्हणून:

सुनेऽस्थिओन्, सुनेऽस्थिएस्, सुनेऽस्थिए(न्), सुनेऽस्थिओमेन्, सुनेऽस्थिएते, सुनेऽस्थिओन्.

दोन गोष्टी इथे टिपून ठेवा. एक, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत वर्तमान आणि भूत यांच्यात फरक फक्त त्या एका स्वराच्या लांबीचा आहे. अवग्रहाचा खटाटोप त्यासाठीच होता. दोन, ‘मी’ आणि ‘ते’ यांचं रूप एकच, सुनेऽस्थिओन्. संस्कृतात ‘अगच्छम्’ आणि ‘अगच्छन्’ वेगळे राहतात, पण ग्रीक शब्दाच्या शेवटी म् चालत नाही, त्याचा न् होतो. कर्ता कोण, हे संदर्भावरूनच ठरवायचं.

चौथी पायरी : आगम कुठे बसतो, न् कुठे बदलतो

या एका पायरीवर सर्वाधिक लोक अडखळतात, आणि इथेच संस्कृत सर्वाधिक कामाला येतं.

‘सङ्गच्छते’चा लङ् काय? ‘समगच्छत’. आगम उपसर्गाच्या आधी लागत नाही; उपसर्ग आणि धातू यांच्या मधे घुसतो. आणि तो मधे घुसला की ‘सङ्’चा पुन्हा ‘सम्’ होतो, कारण पुढे आता व्यंजन नाही, स्वर आहे.

ग्रीकमध्ये तंतोतंत हेच. सुन् + फगेइन् = सुम्फगेइन्, कारण फ ओष्ठ्य, म्हणून न् चा म्. पण भूतकाळात मधे ‘ए’ आला की सुन् + ए + फगोन् = सुनेफगोन्. न् परत जागेवर. पिण्याच्या धातूचंही असंच: वर्तमानात सुम्पिनोऽ (सोबत पितो), एओरिस्टमध्ये सुनेपिओन्. ‘सुम्पोसिओन्’, म्हणजे जेवणानंतरची पानगोष्टीची बैठक, याच धातूवरून. इंग्रजीमार्गे आलेलं ‘सिम्पोझियम’ तेच. आता तिथे पाण्याच्या बाटलीवर भागवतात.

एओरिस्टची रूपं अशी: सुनेफगोन्, सुनेफगेस्, सुनेफगे(न्), सुनेफगोमेन्, सुनेफगेते, सुनेफगोन्. प्रत्यय अपूर्ण भूतकाळाचेच आहेत, हे दिसलं असेल. संस्कृतात ‘अगच्छत्’ आणि ‘अगमत्’ यांत प्रत्यय एकच असतात आणि अंग बदलतं, तसंच हे. आगम फक्त भूतकाळ सांगणाऱ्या रूपांना. भाववाचक (सुम्फगेइन्), आज्ञार्थ (सुम्फगे) आणि कृदन्त (सुम्फगोऽन्) यांना तो लागत नाही, म्हणून तिथे म् दिसतो.

भविष्य आणि पर्फेक्ट

यावर फार वेळ घालवू नका. भविष्यकाळ ‘सुनेदोमाइ’. रूप आत्मनेपदी, अर्थ मात्र साधा कर्तरी. ग्रीकमध्ये बऱ्याच रोजच्या क्रियापदांचं भविष्य असं आत्मनेपदात जातं. नंतरच्या लोकभाषेत ‘एदोमाइ’ मागे पडून ‘फगोमाइ’ आलं. पर्फेक्ट ‘सुनेदेऽदोक’, ‘एद्’चं द्वित्व त्यात स्पष्ट ऐकू येतं. वाचनात ते क्वचितच भेटतं.

पाचवी पायरी : कुणासोबत?

‘सुन्’ घेणारी विभक्ती म्हणजे ग्रीकची चतुर्थी. पण घाबरू नका. ग्रीकमध्ये जुनी तृतीया चतुर्थीत विलीन झाली आहे. म्हणजे ‘रामेण सह’मधली तृतीयाच इथे चतुर्थीच्या वेशात उभी आहे. ‘त्यांच्यासोबत जेवतो’ : सुनेस्थिएइ आउतोइस्. दुसरा पर्याय ‘मेत’ हा शब्द आणि षष्ठी. ज्यू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, आणि नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाकडे तोही दिसतो. अर्थामध्ये फरक नाही.

सहावी पायरी : आता वाचा

१. लूक १५:२. ‘हूतोस् हमर्तोऽलूस् प्रोस्देखेताइ काइ सुनेस्थिएइ आउतोइस्.’ हा पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्यासोबत जेवतो. वर्तमानकाळ, तृतीयपुरुषी एकवचन. बोलणारे परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे ज्यू) आणि शास्त्री, बोलणं येशूबद्दल, सूर कुरकुरीचा. ‘हूतोस्’ म्हणजे नुसतं ‘हा’, नाव न घेता, आणि तेच बोचतं.

२. गलतीकरांस पत्र २:१२. ‘मेत तोऽन् एथ्नोऽन् सुनेऽस्थिएन्.’ इतर राष्ट्रांतल्या लोकांसोबत तो जेवत असे. ‘तो’ म्हणजे केफा, अर्थात येशूचा शिष्य पेत्र, ठिकाण अंत्युखिया. अपूर्ण भूतकाळ आहे, म्हणून ‘जेवला’ असं भाषांतर केलं तर वाक्य बिघडतं. तो तिथे नेहमी जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आली आणि मग तो मागे सरू लागला, वेगळा बसू लागला. ही पुढची दोन क्रियापदंही (हुपेस्तेल्लेन्, अफोऽरिज़ेन्) अपूर्ण भूतकाळातच आहेत. पेत्र ताडकन उठला नाही, हळूहळू सरकला. हे सगळं पौलाने काळाच्या निवडीतून सांगितलंय. ‘हुपेस्तेल्लेन्’मध्ये हुपो + ए + स्तेल्लेन् असा मधला आगमही शोधून पाहा.

३. करिंथकरांस पहिलं पत्र ५:११. ‘तोऽइ तोइऊतोऽइ मेऽदे सुनेस्थिएइन्.’ अशा माणसासोबत जेवूसुद्धा नये. भाववाचक रूप वर्तमान अंगावरून आहे, म्हणजे प्रश्न एखाद्या जेवणाचा नाही. जेवणाखाणाचा व्यवहारच नको. ‘मेऽदे’मधल्या ‘सुद्धा’वर जोर द्या.

४. प्रेषितांची कृत्ये १०:४१. ‘सुनेफगोमेन् काइ सुनेपिओमेन् आउतोऽइ.’ आम्ही त्याच्यासोबत खाल्लं आणि प्यालो. बोलणारा पेत्र, ‘त्याच्या’ म्हणजे येशूच्या. एओरिस्ट, प्रथमपुरुषी अनेकवचन. पुनरुत्थानानंतर आम्ही त्याला पाहिलं याची ही साक्ष आहे, म्हणून काळ ठाम, घडून गेलेल्या गोष्टीचा.

५. प्रेषितांची कृत्ये ११:३. ‘सुनेफगेस् आउतोइस्.’ तू त्यांच्यासोबत (ज्यू नसलेल्यांसोबत) जेवलास! द्वितीयपुरुषी एकवचन, तोच एओरिस्ट. मागच्या अध्यायात कैसरियात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी उभं राहून पेत्राने जे क्रियापद साक्ष म्हणून वापरलं, तेच यरुशलेमात त्याच्यावर आरोप म्हणून येऊन आदळतं. दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर लेखकाने हे जाणूनबुजून केलं असावं असं वाटतं.

पाचपैकी चार ठिकाणी जेवण हे वादाचं किंवा मनाईचं कारण आहे. सेप्टुआजिंटमध्येही उत्पत्ती ४३:३२ला मिसरी लोक इब्र्यांसोबत जेवू शकत नाहीत, कारण त्यांना ते अमंगळ वाटतं. तिथे ‘सुनेस्थिएइन्’ आहे. रोज कोण कुणासोबत जेवतं याची नोंद सहसा कुणी करत नाही. जेवायला नको होतं असं कुणाला वाटलं की क्रियापद कागदावर उतरतं. म्हणून भाषांतरात ‘सोबत खाणं’ फार कोमट पडतं. आपल्याकडे ‘पंक्तीला बसणं’ आणि ‘रोटीव्यवहार’ हे शब्द याच दुखऱ्या जागेवरून आलेत; ‘पंक्ती’ तर पंक्तिभेदासकट आपल्या ओळखीची आहे. फक्त एक लक्षात असू द्या: त्या काळच्या मेजवानीत माणसं बसत नसत, डाव्या कोपरावर रेलत. त्या रेलण्यासाठी ‘सुनानाकेइमाइ’ हे वेगळं क्रियापद आहे.

मराठीत असा शब्द निवडायची वेळ पूर्वीही आली आहे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या त्या याचसाठी, आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषांवरून साध्या मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा ते काम त्यांनी नुकतंच हातावेगळं केलं होतं. मराठी माणसाने ग्रीक शिकणं ही काही अगदी नवलाची गोष्ट नाही.

थोडं अवघड पण फार मजेचं उदाहरण स्तोत्रसंहितेत आहे. हिब्रू १०१वं स्तोत्र, ग्रीकमध्ये १००वं, पाचवं वचन: ‘तूतोऽइ ऊ सुनेऽस्थिओन्.’ गर्विष्ठ डोळ्याच्या आणि हावऱ्या मनाच्या माणसासोबत मी जेवत नसे. हिब्रू बायबलात मात्र तिथे ‘त्याला मी सहन करणार नाही’ असं आहे. जेवण आलं कुठून? जुन्या हिब्रूत स्वरचिन्हं नव्हती. तीच व्यंजनं एका तऱ्हेने वाचली तर ‘मला सोसवत नाही’, दुसऱ्या तऱ्हेने वाचली तर ‘त्याच्यासोबत खात नाही’. ग्रीक भाषांतरकाराने दुसरी तऱ्हा घेतली. इथलं ‘सुनेऽस्थिओन्’ हे ‘मी’ की ‘ते’, हे तिसऱ्या पायरीवरचं कोडं संदर्भावरून सोडवून पाहा.

शेजारपाजारची क्रियापदं

‘सुन्देइप्नेओऽ’ म्हणजे रात्रीचं मुख्य जेवण (देइप्नोन्) सोबत घेणं. मराठीत खाणं आणि जेवणं यांत जो फरक आहे, साधारण तोच एस्थिओऽ आणि देइप्नेओऽ यांच्यात.

‘सुस्सितेओऽ’ हे मात्र वेगळ्या जातीचं. सुन् + सितोस् (धान्य, अन्न). इथे न् चा स् झालाय. हे संस्थात्मक जेवण आहे, आजच्या भाषेत मेस. अॅरिस्टॉटलच्या नावावरच्या ‘अथेनी लोकांची राज्यघटना’ या ग्रंथात सांगितलंय की नगराच्या परिषदेचे पाळीवर असलेले पन्नास जण थोलोस नावाच्या गोल इमारतीत सोबत जेवत आणि त्यासाठी त्यांना नगराकडून पैसे मिळत. तिथे क्रियापद ‘सुस्सितूसिन्’. स्पार्टाच्या सामायिक भोजनांना ‘सुस्सितिया’ म्हणतात. चरित्रकार प्लूटार्कच्या सांगण्यानुसार पंधराएक जणांचा एक गट असे आणि दरमहा प्रत्येकाने सातूचं पीठ, दारू, चीज आणि अंजीर ठरल्या मापाने द्यायचं. नवा माणूस गटात घ्यायचा तर सभासद पावाच्या लगद्याच्या गोळ्या भांड्यात टाकत. एकाने जरी गोळी चेपून टाकली तरी तो माणूस बाद. अॅरिस्टॉटलने यावर नेमकं बोट ठेवलंय: ज्या गरिबाला आपला वाटा भरता येत नाही, त्याचं नागरिकत्वच जातं. क्रीटमध्ये खर्च सार्वजनिक साठ्यातून होई, म्हणून ती पद्धत त्याला अधिक बरी वाटली. सुस्सितेओऽ आकुंचित वर्गातलं, म्हणजे त्याचा अंत्य ‘ए’ प्रत्ययाच्या स्वरात मिसळतो. रूपं नियमित आहेत, मूळ बदलत नाही.

एका शब्दापासून सावध राहा: प्रेषितांची कृत्ये १:४ मधलं ‘सुनलिज़ोमेनोस्’. काहींनी ते ‘हल्स्’ (मीठ) वरून घेऊन ‘सोबत मीठ खाताना’, म्हणजे जेवताना असं लावलं. व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरानेही जेवणाचाच अर्थ धरला. काहींनी ‘एकत्र जमवणं’ या क्रियापदावरून ‘एकत्र असताना’ असं लावलं. यात निकाल लागलेला नाही, म्हणून सरावाला हा शब्द घेऊ नका.

कोशात शोधायचं कसं

अनोळखी रूप समोर आलं की याच क्रमाने जा. आधी ‘सुन्/सुम्/सुस्’ सोलून काढा. उरलेल्याच्या सुरुवातीला आगम आहे का बघा. असेल तर काढा, स्वर दीर्घ झालेला असेल तर ऱ्हस्व करा. मग अंग बघा: एस्थि, एद् की फग्. तिन्ही कोशात ‘सुनेस्थिओऽ’ खालीच सापडतील; सुनेफगोन्ला वेगळी नोंद असली तरी ती तुम्हाला तिकडेच पाठवेल. लिडेल आणि स्कॉट यांचा कोश पर्सिअस किंवा लोगेइओन या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतो आणि रूप टाकलं की विश्लेषणही मिळतं. पण यंत्राला विचारण्याआधी स्वतः सोलून बघा, नाहीतर हात कधीच बसत नाही.

सरावाला पाच रूपं देतो. उत्तरं खालच्या परिच्छेदात आहेत. आधी हाताने झाकून ठेवा.

सुनेऽस्थिएते. सुम्फगोऽन्. सुनेदोमाइ. सुनेफगेते. सुनेस्थिऊसि.

पहिलं: अपूर्ण भूत, ‘तुम्ही जेवत होता’, दीर्घ स्वर नजरेतून सुटला तर वर्तमान वाटेल. दुसरं: एओरिस्ट कृदन्त, ‘सोबत जेवून’; आगम नाही म्हणून म्. तिसरं: भविष्य, ‘मी सोबत जेवेन’. चौथं: एओरिस्ट, ‘तुम्ही सोबत जेवलात’. पाचवं: वर्तमान, ‘ते सोबत जेवतात’. पाचही जमली, तर निर्गम १८:१२ काढा. तिथे अहरोन आणि इस्राएलचे वडीलधारे मोशेच्या सासऱ्यासोबत भाकर खायला येतात. त्या वाक्यातलं भाववाचक रूप वर्तमान अंगावरचं आहे की एओरिस्टच्या, ते शोधा, आणि करिंथकरांच्या पत्रातल्या रूपाशेजारी ठेवून दोघांतला फरक एका ओळीत लिहा.